दम कुठे तुटतो: किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयीन कबड्डीपटूचे प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील तालुक्याच्या एका गावातल्या महाविद्यालयाचे आहे. खेळाडूच्या संमतीने ते लिहिले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचे नाव इथे येणार नाही. घरी तिला ‘बाय’ म्हणतात. किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांत मुलीला बायच म्हणतात, त्यामुळे तेच इथे वापरले आहे.

पार्श्वभूमी

बाय १९ वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, महिला कबड्डी संघातली पहिली चढाईपटू. गाव महाविद्यालयापासून ३४ किलोमीटरवर, एसटीने सव्वा ते दीड तास. वडील मच्छीमार नौकेवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात घरात पैसा येत नाही. मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगाम सुरू झाला की ती फेडायची, असे वर्षानुवर्षे चाललेले. आई काजू कारखान्यात सोलाईला जाते. मोठा भाऊ मुंबईत नोकरीला, बायच्या शिक्षणाचा खर्च तो पाठवतो. घरी आजी.

कोकणात कबड्डी हा महाविद्यालयापुरता खेळ नसतो, हे बाहेरच्या वाचकाने ध्यानात घ्यावे. वाडीवाडीत मंडळ असते. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात मैदान आखले जाते, दिवे लागतात आणि रात्रीचे सामने सुरू होतात. बाय शाळेत असल्यापासून वाडीच्या मंडळाकडून खेळते. मॅटवर खेळायचे बूट तिला मंडळानेच घेऊन दिले होते. ही बुटांची गोष्ट किरकोळ वाटते, पण पुढे तीच आडवी आली.

भावाची एक पक्की समजूत होती की पोरगी विद्यापीठाकडून खेळली की पोलीस भरतीत खेळाडू कोट्यातून लागणार. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरे. पण कुठल्याही सहभागाचे प्रमाणपत्र त्याला चालत नाही. ठरलेल्या स्तरावरच्या स्पर्धेत ठरलेली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. हे घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि महाविद्यालयानेही कधी सांगितले नव्हते.

काय दिसू लागले

सप्टेंबरमध्ये, गणपतीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात, सराव सामन्यात बायचा दम तुटायला लागला.

चढाई ३० सेकंदांची. तेवढा वेळ ‘कबड्डी’चा उच्चार अखंड आणि पंचाला ऐकू जाईल असा चालू ठेवायचा. तो खंडला की चढाई संपली आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात असाल तर बाद. बाय एरवी पूर्ण वेळ सहज काढायची. आता बाराव्या-पंधराव्या सेकंदाला उच्चार चिरकायचा, घसा आवळल्यासारखा व्हायचा, बोटांना मुंग्या यायच्या. चार दिवसांत असे सात वेळा झाले. तिसऱ्या चढाईला, म्हणजे आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यावर गुण आणणे भाग असते तेव्हा, हमखास.

क्रीडाशिक्षकांनी अनुभवी माणूस काढेल तोच अर्थ काढला. पावसात सराव कमी झाला, त्यात गणपतीची सुट्टी गेली, तेव्हा दमसास उतरला असणार. त्यांनी रोज दोन फेऱ्या वाढवल्या. आठवड्याभरात प्रकार वाढला आणि बाय सरावाला दांड्या मारू लागली. मैत्रिणींशी तुटक बोलू लागली. एकदा एका मुलीने पाठीवर हात ठेवून ‘काय झाला गो बाय?’ विचारले, तर ती मैदानातून सरळ एसटी स्टँडवर निघून गेली.

घरी आजीने ठरवले की नजर लागली. ग्रामदेवीला कौल लावला. उजवा कौल मिळाला, आजी निश्चिंत झाली. समुपदेशनाचे काम पाहणाऱ्या मॅडमनी पुढे या गोष्टीला ना विरोध केला ना ती उचलून धरली. कौलामुळे डॉक्टरकडे जाणे लांबत असते तर बोलावे लागले असते. तसे होत नव्हते, आणि घरातले एक माणूस तरी रात्री शांत झोपत होते.

तपासणी: आधी शरीर, मग वेळापत्रक, मग मन

हा क्रम मुद्दाम ठेवला होता. धाप, छातीत आवळणे, चक्कर ही लक्षणे घाबरण्यातून येतात तशी दम्यातून, हृदयाच्या ठोक्यांच्या दोषातून आणि रक्त कमी असल्यामुळेही येतात. ‘टेन्शन आहे’ असे आधीच ठरवून टाकले की बाकीचे राहून जाते.

ईसीजी ठीक आला. फुंकर मोजण्याच्या यंत्रावर श्वासाचा जोर पळण्याआधी आणि पळून झाल्यावर सारखाच होता, म्हणजे पळण्याने श्वासनलिका आवळत नव्हत्या. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन मात्र ९.४. गरोदर नसलेल्या बाईत ते १२ च्या खाली असले की रक्तक्षय धरतात. दोन महिने पाळी आली नव्हती, हेही कळले, पण मॅडमनी विचारले म्हणून. क्रीडाशिक्षक पुरुष असल्याने हा प्रश्न दोन वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. खर्चाच्या मानाने खाणे फार कमी पडले की शरीर पाळी थांबवून ऊर्जा वाचवते. खेळाडू मुलींमध्ये ही ओळखीची खूण आहे, आणि ‘सरावामुळे होतंच असं’ म्हणून ती सोडून द्यायची नसते.

मग दिवस कागदावर लिहून काढला. पहाटे ४.४५ ला उठणे, पाणी भरणे, ६.१० ची एसटी. साडेसात ते साडेबारा तासिका. दुपारी प्रात्यक्षिक किंवा सराव. संध्याकाळी ६.४५ ची शेवटची गाडी, सव्वाआठला घर. आठवड्यातून तीन रात्री मंडळाचा सराव. झोपायला साडेअकरा. म्हणजे झोप सव्वापाच तास. सकाळी सहा ते रात्री साडेआठ या साडेचौदा तासांत पोटात काय गेले, तर एक वडापाव आणि दोन चहा. दोन-अडीच तास खेळणाऱ्या मुलीचे हे खाणे.

सरावाचा भार मोजायची सोपी रीत अशी: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचे, किती जड गेले, शून्य ते दहा. आलेला आकडा मिनिटांनी गुणायचा. महाविद्यालयाचा सराव पाच दिवस, १२० मिनिटे, जडपणा ६, म्हणजे ३६००. क्रीडाशिक्षकांच्या वहीत एवढेच होते. मंडळाचा सराव तीन रात्री, ६० मिनिटे, जडपणा ६, म्हणजे १०८०. रविवारी तीन सामने, प्रत्येकी ४० मिनिटे, जडपणा ८, म्हणजे ९६०. बेरीज ५६४०. एक तृतीयांशाहून जास्त भार वहीबाहेर होता, आणि त्यावर सरांनी फेऱ्या वाढवल्या होत्या.

मानसिक चाचपणीसाठी मॅडमनी खेळाडूंसाठीची दहा प्रश्नांची एपीएसक्यू ही प्रश्नावली घेतली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मानसिक आरोग्य तपासणी साधनाचा तो पहिला टप्पा आहे. गुण १० ते ५०, आणि १७ किंवा जास्त आले तर पुढे तपासायचे. बायचे २७ आले. त्यानंतर नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ (२७ पैकी १३) आणि चिंतेसाठीची जीएडी-७ (२१ पैकी १४). दोन्हींत १० किंवा जास्त आले की दखल घ्यायची असते. एपीएसक्यूचे प्रश्न मॅडमनी बसल्या जागी मराठीत सांगून विचारले होते, म्हणून त्या आकड्याला निदान मानले नाही. बोलणे सुरू करायला तो उपयोगी पडला, आणि पुढे बदल मोजायला.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बायने ‘काही दिवस’ वर बोट ठेवले. अशा वेळी कागद बाजूला ठेवून थेट विचारायचे असते. मॅडमनी तसेच विचारले: ‘जीव द्यावा असं वाटतं का? कसा, ते कधी मनात आलंय?’ उत्तर आले: ‘तसं नाही मॅडम. एसटीतून घरी जाताना वाटतं, झोपले की सकाळी उठूच नये.’ योजना नव्हती, पूर्वी प्रयत्न नव्हता. विचारल्याने असा विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. न विचारता सोडल्याने माणूस एकटा पडतो, तो धोका मोठा. त्याच दिवशी एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या: असे वाटू लागल्याची पहिली खूण कोणती, तेव्हा कोणाजवळ जाऊन बसायचे, कोणाला फोन करायचा, आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक. ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालते. अडचण एकच निघाली: बायच्या वाडीत रेंज येत नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढावे लागते. म्हणून रात्रीसाठी फोनऐवजी शेजारच्या काकींचे घर लिहिले.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की भीती सामन्याची आहे. बी.एस्सी.ची प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि सरावही दुपारी. बायची रसायनशास्त्राची तीन आणि भौतिकशास्त्राची दोन प्रात्यक्षिके बुडाली होती. जर्नल अपुरे, म्हणून सर्टिफाय होत नव्हते, आणि सर्टिफाय केलेल्या जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा सहा आठवड्यांवर. पहिल्या वर्षाचा एक विषय आधीच एटीकेटीत. सरांना सांगावे तर ते म्हणणार सराव महत्त्वाचा, विभागात सांगावे तर म्हणणार खेळ सोड, घरी सांगावे तर भाऊ म्हणणार एवढे पैसे कशाला पाठवतोय. तिने कोणालाच सांगितले नव्हते. दीड महिना ती रोज ते अर्धे जर्नल पिशवीतून मैदानावर नेत होती आणि परत नेत होती.

समोरचे पर्याय

विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे साधारण दहा आठवड्यांवर होती.

पहिला पर्याय, तिला या हंगामापुरते संघातून काढणे. प्राचार्यांचा कल इकडे होता, आणि कागदावर हा पर्याय सर्वांत सुरक्षित दिसतो. पण संघ हीच तिची महाविद्यालयातली एकमेव सोबत होती. वर्गात तिच्या गावची एकही मुलगी नव्हती. खेळ अचानक काढला असता तर भार कमी झाला असता आणि माणसेही गेली असती, तेही ‘उठूच नये’ असे वाटण्याच्या काळात. शिवाय वाडीत प्रश्न झाला असता, आणि त्याचे उत्तर तिलाच द्यावे लागले असते.

दुसरा, काहीच न बदलता ‘मन घट्ट कर’ म्हणत स्पर्धेपर्यंत नेणे. यावर फार वेळ घालवला नाही.

तिसरा, लगेच मानसोपचारतज्ज्ञ. इथे एक स्थानिक अडचण आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत असल्याने ‘याला रत्नागिरीला पाठवा’ हे या भागात वेडा ठरवण्याचे बोलणे आहे. मानसोपचाराची ओपीडी सामान्य शासकीय रुग्णालयातही असते हे सांगितल्यावरसुद्धा बायचा चेहरा उतरला. गुण मध्यम होते, योजना नव्हती, रक्तक्षय आणि झोप ही दोन सुधारण्याजोगी कारणे समोर होती.

चौथा पर्याय: भार कमी करायचा, शरीर सुधारायचे, जर्नलची गाठ सोडवायची, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. तोच निवडला, पण अटी लिहून. पीएचक्यू-९ तीन आठवड्यांत १० च्या खाली गेला नाही, झोप साडेसहा तासांवर गेली नाही, किंवा नवव्या प्रश्नाचे उत्तर जराही बिघडले, तर त्याच आठवड्यात ओपीडी. तिच्यासोबत कोण जाणार हेही ठरले: मॅडम आणि आई. अटी आधी लिहून ठेवल्या नाहीत तर ‘अजून आठवडाभर बघू’ म्हणत महिने जातात.

कोणाला काय सांगायचे, हा पुढचा निर्णय. बाय सज्ञान होती, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका दिसला तरच तो मोडता येईल, हे तिला पहिल्या भेटीतच सांगितले होते. तिने यादी केली. सरांना भार आणि रक्त एवढे सांगा, नववा प्रश्न नको. आईला सगळे, पण मी सांगेन, तुम्ही फक्त जवळ बसा. विभागप्रमुखांना फक्त प्रात्यक्षिके. भावाला काहीच नको, अजून.

काय केले

सर्वांत आधी जर्नल. प्राचार्यांच्या सहीचे पत्र दोन्ही विभागांना गेले: विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या संघाच्या सरावामुळे अनुपस्थित होती, राहिलेली पाच प्रात्यक्षिके तीन शनिवारी पूर्ण करून घ्यावीत. तोंडी सांगणे मुद्दाम टाळले. तोंडी सवलत देणारे शिक्षक रजेवर गेले की सवलतही रजेवर जाते. पहिल्या शनिवारी दोन प्रात्यक्षिके झाली, आणि त्या सोमवारी बायने कोणी न विचारता सरावाची वही मागून घेतली.

मंगळवार-गुरुवार सराव बंद केला आणि उरलेले तीन दिवस ९० मिनिटांवर आणले. मंडळाकडे क्रीडाशिक्षक स्वतः गेले. बूट दिलेल्या मंडळाला ‘आमची खेळाडू पाठवणार नाही’ सांगितले असते तर रोष बायच्या वडिलांवर आला असता. त्यांनी रक्ताचा अहवाल दाखवला आणि मागितले एवढेच: रात्रीचा सराव नको, रविवारी तीनऐवजी एक सामना. मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, ‘सर, आधी बोलायचात ना.’ नव्या मांडणीत आठवड्याचा भार महाविद्यालयात १६२० आणि रविवारी ३२०, म्हणजे १९४० झाला. सहा आठवड्यांत तो हळूहळू ३००० पर्यंत नेला, एका आठवड्यात ३०० पेक्षा जास्त न वाढवता.

खाणे जिमखान्याच्या निधीतून. सकाळच्या मधल्या सुट्टीत दोन उकडलेली अंडी आणि केळे, दुपारी कँटीनमध्ये उसळ-भात, सरावानंतर अर्ध्या तासात शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळ-चणे. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. चहा गोळीच्या आगेमागे तासभर नको, लिंबू चालेल, कारण चहा लोह शोषू देत नाही आणि आंबट मदत करते. शौचाला काळे होईल, घाबरू नये, हेही सांगायचे असते. ते सांगायचे राहिले.

झोपेचा प्रश्न एसटीचा होता, त्यावर श्वासाचे व्यायाम चालत नाहीत. गावात मुलींचे वसतिगृह नाही. संघातली एक मुलगी महाविद्यालयाजवळच राहते, तिच्या घरी सोमवारी आणि बुधवारी मुक्काम ठरला. बायची आई तयार होईना, तरुण मुलगी परक्या घरी कशी ठेवायची. ते मॅडमच्या नव्हे तर त्या मैत्रिणीच्या आईच्या फोनने जमले: ‘अहो वहिनी, तुमची पोर ती आमचीच. रात्री माझ्याजवळ झोपेल.’ त्या दोन रात्री झोप साडेसात तास. मंडळाचा रात्रीचा सराव गेल्यामुळे बाकीच्या रात्री साडेसहा.

आता दम. घाबरलेला माणूस वरच्या छातीने भराभर श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, त्याने मुंग्या आणि गरगर येते. ते जाणवले की आणखी घाबरतो, घसा आवळतो, आणि उच्चार म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच असल्याने तो तिथेच खंडतो. उपाय दोन पायऱ्यांचा होता. रोज दहा मिनिटे चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, हात पोटावर. हे ती सकाळच्या एसटीत खिडकीशी करायची. आणि मैदानावर शिडी: मध्यरेषेजवळ आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग नाकाने पोटात घ्यायचा, उच्चार खालच्या सुरात सुरू करायचा. आधी चालत १० सेकंद, मग १५, २०, २५. सहापैकी पाच वेळा जमले तरच पुढची पायरी. चौथ्या आठवड्यात, डॉक्टरांना विचारून, जिना दोनदा चढून धाप लागलेली असतानाच उच्चार करायला लावला. धाप म्हणजे धोका नव्हे, हे तिच्या शरीराला पटवायचा हा मार्ग. रक्त न तपासता किंवा दम्याची शंका असताना हा प्रकार कोणी करू नये.

आईजवळचे बोलणे घरीच झाले, मॅडम बसल्या होत्या. आई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मला वाटला परीक्षेचा ताण असेल.’ दुसऱ्या दिवसापासून पहाटेचे पाणी आई भरू लागली. बायला पाऊण तास झोप मिळाली, आईची तेवढीच गेली. या हिशेबाचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

काय बिघडले

दुसऱ्या आठवड्यात सरांनी सरावाआधी संघाला गोल उभे करून सांगितले, ‘तिला जरा टेन्शन आहे, सांभाळून घ्या.’ हेतू स्वच्छ होता. संध्याकाळच्या गाडीने ती बातमी वाडीत पोचली, आणि रात्री कोणीतरी आजीला विचारले, पोरीला रत्नागिरीला दाखवलंत का? बाय चार दिवस आली नाही. सरांनी माफी मागितली, तीही संघासमोर नव्हे तर तिच्याजवळ, जे बरोबर होते. पण मुळात चूक सरांची एकट्याची नव्हती. त्यांना ‘हे सांगायचे’ ठरवून दिले होते, ‘विचारले तर काय उत्तर द्यायचे’ हे कोणी ठरवले नव्हते. नंतर एक वाक्य ठरले: ‘तिचे रक्त कमी आहे, डॉक्टरांनी सराव कमी करायला सांगितलाय.’ खरे, आणि पुरेसे.

तीन आठवड्यांच्या मोजणीत पीएचक्यू-९ वर ९ आले आणि नवव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’. ओपीडीची अट लागू झाली नाही, जेमतेम. चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन मात्र ९.८ च. बायने सहाव्या दिवशीच गोळ्या बंद केल्या होत्या: मळमळ, आणि काळ्या शौचाची भीती. डॉक्टरांनी गोळी रात्री जेवणानंतर, एक दिवसाआड केली.

भाराच्या वहीत सगळ्या मुली रोज ‘६’ लिहीत होत्या, एकमेकींचे बघून. मग प्रत्येकीने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे ठरले. पहिल्याच दिवशी आकडे ४ ते ९ निघाले.

निष्पत्ती

जर्नल वेळेत सर्टिफाय झाले, दोन्ही प्रात्यक्षिके ती उत्तीर्ण झाली. भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेत नापास झाली.

स्पर्धेत ती पहिली चढाईपटू म्हणून उतरली नाही. बचावात डाव्या कव्हरला आणि गरज पडली तर तिसरी चढाईपटू, असे तिच्याशी बोलून ठरले होते. दोन सामन्यांत तिने ९ चढाया केल्या, ४ गुण आणले, दम एकदा तुटला. संघ उपांत्य सामना ३ गुणांनी हरला. मैदानाबाहेर कोणीतरी म्हणालेच, बायला आधीपासून चढाईला घातले असते तर. विद्यापीठाच्या निवड चाचणीला तिचे नाव गेले नाही.

दहाव्या आठवड्यात पीएचक्यू-९ वर ६, जीएडी-७ वर ७, एपीएसक्यूवर १६. हिमोग्लोबिन ११.३. पाळी ऑक्टोबरअखेर आली. भावाला तिने दिवाळीत सांगितले, आणि मॅडमनी त्याला नोकरीच्या आरक्षणाचे खरे निकष फोनवर समजावले. तो नाराज झाला, मग म्हणाला, ‘मग तिने आधी बी.एस्सी. पूर्ण करावी.’ हा दबावाचा शेवट आहे की नुसता रोख बदलला, हे बघावे लागेल.

पुन्हा करायचे झाल्यास

चढाई तुटल्यावर फेऱ्या वाढवण्याआधी तीन प्रश्न: किती झोपलीस, सकाळपासून काय खाल्लेस, दुसरीकडे कुठे खेळतेस. याला दोन मिनिटे लागतात. हे झाले असते तर दोन आठवडे वाचले असते.

हिमोग्लोबिन जुलैत, संघनिवडीच्या वेळीच तपासावे, सगळ्याच मुलींचे. आणि पाळीविषयी विचारणारी एक स्त्री संघाशी जोडलेली असावी, शिक्षिका किंवा माजी खेळाडू कोणीही.

प्राचार्यांचे पत्र प्रात्यक्षिके बुडाल्यावर गेले. ते सत्राच्या पहिल्या आठवड्यात, संघाच्या यादीसोबत जायला हवे. विज्ञान शाखेच्या खेळाडूंची प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून देता येते, हे विभागप्रमुखांनी नंतर सहज सांगितले. कोणी विचारलेच नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञाचे मत न घेता तीन आठवडे थांबणे योग्य होते का, यावर या प्रकरणात काम केलेल्यांचेच एकमत नाही. ९ आणि १० मध्ये फरक एका गुणाचा. निदान मॅडमनी पहिल्याच आठवड्यात टेलि-मानसवर स्वतः फोन करून सल्ला घ्यायला हवा होता. सेवा फक्त रुग्णासाठी असते असे त्यांना वाटले होते, ते तसे नाही.

जानेवारीपासून सरावाच्या डब्यात पडणाऱ्या चिठ्ठीवर जडपणाच्या आकड्याखाली झोपेचे तासही लिहितात. पहिल्या आठवड्यात बाराजणींपैकी आणखी तिघी सहा तासांच्या खाली निघाल्या. त्यातली एक कर्णधार होती.